पावसाळ्याच्या आत घर तयार करायचे आहे : गळके छत, जुना पाळणा आणि बाळंतिणीची खोली

अंगणवेल

नमस्कार. मला पाचवा महिना सुरू आहे आणि डॉक्टरांनी ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यातील तारीख दिली आहे. बाळाच्या अवयवांची वाढ पाहणारी सोनोग्राफी नुकतीच झाली, सर्व काही व्यवस्थित आहे, आणि आता पोटात बाळाची हालचालही जाणवू लागली आहे. चोरचोळीपर्यंत घरातच ठेवलेली बातमी आप्तांना सांगून झाली आणि तेव्हापासून आमच्याकडे रोज एकच विषय चालतो : बाळ येण्याआधी घराचे काय काय करून घ्यायचे आणि ते कोणत्या क्रमाने.

आम्ही डोंबिवलीत १९९०च्या दशकात बांधलेल्या इमारतीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहतो. आतल्या खोलीच्या छताला दर पावसाळ्यात ओल येते, एका कोपऱ्यात प्लास्टर फुगले आहे आणि भिंतीवर काळी बुरशी धरते. आजवर दिवाळीपूर्वी रंगाचा एक हात मारून आम्ही वेळ निभावली; पण बाळ ऐन श्रावणात याच खोलीत येणार आहे. रीतीप्रमाणे पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, परंतु माझे माहेर चिपळूणला आणि डॉक्टर इथले, म्हणून आईच जुलैअखेर आमच्याकडे राहायला येणार आहे. न्हाणीघर लहान आहे आणि त्यातच गॅसचा गीझर बसवलेला आहे.

दुसरा प्रश्न पाळण्याचा आहे. सासरच्या वाईच्या घरी माळ्यावर एक सागवानी पाळणा आहे. त्यात सासरे झोपले, पुढे माझा नवरा झोपला. तो पाळणा आपल्या नातवंडासाठी निघावा अशी सासऱ्यांची फार इच्छा आहे आणि माझीही आहे. त्यावर हिरव्या आणि निळ्या ऑइल पेंटचे कित्येक थर चढलेले आहेत. नवरा म्हणतो की पॉलिश पेपरने घासून नवा रंग देऊ. हे योग्य ठरेल का?

मेअखेरीस डोहाळजेवण करायचे घरात ठरत आहे. खरेदीच्या याद्या मला पुष्कळ मिळाल्या आहेत. घराच्या कामाचे जाणकार आणि ज्यांनी अशा घरात बाळंतपण काढले आहे ते काय सांगतात, हे मला हवे आहे.

गच्चीकर

अंगणवेल, प्रथम मनापासून अभिनंदन. मी बांधकाम क्षेत्रात आहे, म्हणून छताविषयी सविस्तर लिहितो.

तुमच्या कामाची शेवटची तारीख बाळाने नव्हे, पावसाने ठरवलेली आहे. हवामान खात्याच्या २०२० पासूनच्या वेळापत्रकानुसार मुंबईत मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून ही आहे आणि वळवाची सर त्याआधीही येऊ शकते. त्यामुळे गच्चीवरचे काम मेच्या मध्यापर्यंत पूर्ण व्हायलाच हवे, कारण त्यानंतर गच्चीत दोन-तीन दिवस पाणी साठवून गळती खरोखर थांबली का, हे पाहण्यास वेळ उरला पाहिजे. ही चाचणी करण्याचा आग्रह धरा. ती टाळणारा कंत्राटदार पहिल्या मोठ्या पावसात फोन उचलत नाही, असा माझा अनुभव आहे.

गळतीचा उपाय बाहेरून होतो. आतून कितीही महागडा जलरोधक रंग लावला तरी गच्चीतून उतरणारे पाणी स्लॅबमध्येच मुरत राहते, सळया गंजतात, गंजलेली सळई फुगते आणि प्लास्टरला खाली ढकलते. तुमच्या कोपऱ्यातले फुगलेले प्लास्टर बहुधा याच टप्प्यावर आहे. ते आधी ठोकून पाहावे, पोकळ आवाज येईल तेवढे काढावे, सळया स्वच्छ करून त्यांवर गंजरोधक लेप द्यावा आणि मगच भर करावी. बाळ ज्या खोलीत झोपणार तिच्या छताचा एक तुकडाही सैल राहता कामा नये. गच्चीवरचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांचे तुकडे आणि सिमेंट यांचा जलरोधक थर, जुना झाला असेल तर केवळ भेगा भरून भागेल की पूर्ण थर नव्याने करावा लागेल, हे प्रत्यक्ष पाहूनच सांगता येते.

गच्ची ही सोसायटीची असते आणि गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार तिच्या गळतीची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करायची असते. तरी वाट पाहत बसू नका; आजच समितीला लेखी पत्र द्या, छायाचित्रे जोडा आणि पोच घ्या. सर्वसाधारण सभा, तीन दरपत्रके, मंजुरी यांत महिने जातात आणि तुमच्या हाती महिनेच नाहीत. पत्रात घरात बाळ येणार असल्याचे स्पष्ट लिहा. सभासद माणसेच असतात.

आतला रंग सर्वांत शेवटी. भिंत पूर्ण वाळल्याशिवाय पुट्टी भरली तर तीच ओल पोपडे होऊन बाहेर येते. दुरुस्तीनंतर मेच्या उन्हात खिडक्या उघड्या ठेवून भिंत वाळू द्या, मग पाण्यात विरघळणारा, कमी वासाचा रंग द्या. शक्य असेल तर रंगाचे काम जूनच्या पहिल्या आठवड्यात आटोपून जुलैपर्यंत ती खोली रिकामी आणि हवेशीर राहू द्या.

सागवानी

लाकूडकाम हा आमच्या घरचा तीन पिढ्यांचा व्यवसाय आहे. पाळण्याबद्दल वाचून आनंद झाला, परंतु एक गोष्ट ठामपणे सांगतो : तो पाळणा घरात कोरडा घासू नका आणि अंगणवेल ताई, तुम्ही त्या कामाच्या जवळपासही राहू नका.

कारण रंगातले शिसे. जुन्या ऑइल पेंटमध्ये, विशेषतः हिरव्या, पिवळ्या आणि लाल छटांमध्ये, शिशाची संयुगे सर्रास असत. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक नसावे, हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. वाईच्या पाळण्यावरचे थर त्याच्या कितीतरी आधीचे आहेत, त्यामुळे त्यांत शिसे आहे असे धरूनच वागावे. कोरडे घासले की ते बारीक धुळीच्या रूपाने हवेत जाते, अंथरुणावर आणि जमिनीवर बसते, श्वासातून व हातातोंडातून शरीरात जाते. आईच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते आणि वाढत्या मेंदूला ते अपायकारक असते. ब्लो लॅम्पने रंग जाळून काढण्याची जी जुनी पद्धत आहे ती तर अधिकच वाईट, कारण त्यात शिशाची वाफ होते. हेच तुमच्या घरातील जुन्या दारे-खिडक्यांच्या चौकटींनाही लागू आहे. रंग घट्ट बसलेला असेल तर तो खरवडू नका, ओल्या फडक्याने पुसून त्यावरच नवा थर द्या.

पाळण्याचे काम वाईतच, उघड्या जागेत, एखाद्या जाणत्या सुताराकडून करून घ्यावे. रंग काढण्याचे रसायन लावून थर मऊ करायचा, ओला असतानाच खरवडायचा, खरवड पिशवीत बांधून टाकायची, ती शेगडीत किंवा बंबात मुळीच घालायची नाही. मुलांना त्या जागेपासून लांब ठेवायचे. खाली जे सागवान निघेल ते पाहून तुम्हाला पुन्हा रंग द्यावासा वाटणार नाही, हे मी पैजेवर सांगतो.

त्यावर चपड्याचे, म्हणजे लाखेचे, पॉलिश करावे. लाख स्पिरिटमध्ये विरघळवून कापसाच्या बोळ्याने पातळ हात द्यायचे. स्पिरिट उडून गेले की उरते ती लाख, आणि ती औषधी गोळ्यांच्या आवरणासाठीसुद्धा वापरतात, त्यामुळे पुढे बाळाने कठडा चावला तरी चिंता नाही. गरम पाणी आणि स्पिरिट यांनी हे पॉलिश पांढरे पडते, एवढे पथ्य पाळावे.

त्यानंतर सांधे तपासावेत. जुन्या पाळण्यात लाकूड आकसून खुंट्या ढिल्या होतात. त्या बदलाव्यात, केवळ खिळा मारून वेळ मारून नेऊ नये. साखळ्यांच्या कड्या घासून पातळ झाल्या असतील तर साखळी बदलावी, जुनी पितळी फुले आणि पोपट मात्र जपून ठेवावेत.

धावदोरा

अंगणवेल, तुझ्याकडे कुणी "बाळ येण्याआधी काही आणू नये" असे म्हणाले का? आमच्या वेळी सर्व घरांत म्हणत असत आणि आजही अनेक म्हणतात. मी त्या म्हणण्याचा आदर करते, कारण ज्या काळी घरोघरी एखादे तरी बाळ दगावत असे त्या काळच्या बायकांनी रित्या घरात नवे झबले पाहण्याचे दुःख टाळण्यासाठी ती रीत धरली असावी, असे मला वाटते. परंतु त्याच बायका जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आणि दुपटी आधीपासून शिवून ठेवत होत्या. नवे आणायचे नाही, जुन्यातून करायचे. ही वाट तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्यांनाही पटेल.

गोधडीसाठी आजीचे किंवा आईचे सुती लुगडे घे, पुष्कळ धुतलेले, मऊ पडलेले. कृत्रिम धाग्याची साडी कितीही सुंदर असली तरी घेऊ नकोस, कारण ती ओल शोषत नाही. काठ जरीचा असेल तर तो काढून टाक. जरीचे टोक बाळाला बोचते. कापड उकळत्या पाण्यातून काढून कडक उन्हात वाळव, आणि हे काम एप्रिल-मेमध्येच कर, श्रावणातले ऊन हाती लागत नाही. लहान बाळाला दोन-तीन पदरांची पातळ गोधडी पुरते. जाड वाकळ लवकर वाळत नाही आणि अंगावर जड होते. धावदोरा बारीक आणि जवळजवळ घालावा, म्हणजे वारंवार धुऊनही पदर आत गोळा होत नाहीत. घरातल्या प्रत्येक बाईकडून चार टाके घालून घे. आमच्या घरी माझ्या सुनेच्या गोधडीवर तिच्या आईचे, माझे आणि दोन्ही आजेसासवांचे टाके आहेत आणि ते कुणाचे कोणते, हे आम्हाला ओळखू येते.

कपड्यांच्या रंगाची चिंता नको. १९९४ च्या कायद्याने गर्भलिंग सांगण्यास बंदी आहे, हे फार चांगले आहे. पिवळे, पांढरे, पोपटी कुठल्याही बाळाला शोभते. बर्फी निघते की पेढा, एवढेच कुतूहल डोहाळजेवणाला असू द्यावे.

प्रसूतिकक्ष

मी प्रसूतिविभागात परिचारिका आहे. वरील सर्व सल्ले चांगले आहेत, परंतु तुमच्या प्रश्नातील एका वाक्यावर मी थांबले : लहान न्हाणीघर आणि आतच गॅसचा गीझर. तुमच्या यादीत हे काम पहिले असायला हवे, छताच्याही आधी.

बाळंतिणीची आंघोळ नेहमीच्या आंघोळीपेक्षा बराच वेळ चालते. आधी मालीश, मग भरपूर गरम पाणी, मग बाळाची आंघोळ, आणि वारा लागू नये म्हणून दार-खिडकी घट्ट बंद. अशा बंद जागेत गॅसची ज्योत पेटती राहिली की प्राणवायू कमी होतो आणि कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही; चक्कर येईपर्यंत काही कळत नाही आणि चक्कर आल्यावर दार उघडण्याचे त्राण राहत नाही. गीझर आणि सिलिंडर दोन्ही न्हाणीघराबाहेर मोकळ्या हवेत हलवा किंवा साठवणीचा विजेचा गीझर घ्या. ते होईपर्यंत बादल्या भरून घेऊन ज्योत बंद करावी आणि मगच आत जावे. हे आजपासून, कारण आत्ता तुम्ही दोघे जीव त्या जागेत आंघोळ करत आहात.

हाच नियम शेक-शेगडीला. कोळशाची शेगडी पेटवून बंद खोलीत शेक घेणे आणि बाळाला धुरी देणे, हे प्रेमापोटी होत असले तरी धोक्याचे आहे. ऊब हवी तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून आईला द्या आणि बाळाला आईच्या छातीशी धरा. तुमच्या आई आल्या की हे वाद घालून नव्हे, आधी बसून बोलून ठरवा. त्या तुमच्यासाठीच इतक्या लांबून येणार आहेत.

न्हाणीघरात जमिनीला खरबरीत फरशी किंवा घट्ट बसणारी रबरी चटई, भिंतीला आधाराची दांडी आणि बसायला रुंद स्टूल असावे. मालीशच्या तेलाने फरशी निसरडी होते आणि बाळ हातात असताना घसरणे फार महागात पडते.

झोपण्याविषयी : बाळाला पाठीवर झोपवावे, अंथरूण घट्ट आणि सपाट असावे, पाळण्यात उशी, लोड, मऊ खेळणी काही नको. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची पद्धत आहे. ती न दिलेलीच बरी. धावदोरा काकूंची पातळ गोधडी खाली ताणून अंथरण्यास उत्तम आहे. बाळाची वेगळी खोली करण्याच्या मागे लागू नका. पहिले काही महिने त्याने आईवडिलांच्याच खोलीत, आपल्या वेगळ्या अंथरुणावर असावे. डेंग्यूच्या दिवसांत बाळ येणार आहे, म्हणून खिडक्यांना बारीक जाळी बसवा, ती रात्रभर जळणाऱ्या अगरबत्तीपेक्षा कितीतरी चांगली.

अंगणवेल

सर्वांचे मनापासून आभार. गीझरचे वाचल्याबरोबर नवऱ्याने तो बंद केला आहे आणि विजेच्या गीझरसाठी वायरिंग तपासायला माणूस उद्या येत आहे. पाळण्याबद्दल सासऱ्यांना फोन केला. ते म्हणाले की वाईच्या घराच्या मागच्या पडवीत काम करून घेतील आणि स्वतः देखरेख ठेवतील. त्यांच्या आवाजातला उत्साह ऐकून मला फार बरे वाटले.

दोन प्रश्न उरले आहेत. काम चालू असताना आम्ही कुठे राहावे? आणि पाळणा छताच्या हुकाला टांगता येईल का? पंख्याच्या शेजारी एक जुना हूक आहे.

गच्चीकर

त्या हुकाला टांगू नका. ज्या स्लॅबमध्ये पाणी मुरले आहे त्यातील सळयांचा भरवसा धरता येत नाही, आणि झोका दिल्यावर हुकावर येणारा ताण नुसत्या वजनापेक्षा जास्त असतो. वाईच्या घरात सागाच्या तुळईला टांगलेला पाळणा वेगळा आणि तीस वर्षांच्या ओलसर स्लॅबला टांगलेला वेगळा. सागवानींनी सांगितलेल्या सुताराकडूनच रुंद पायांची लाकडी चौकट करून घ्या. बाळ मोठे झाले की तिला झोपाळ्याची पाटी अडकवता येईल.

राहण्याबाबत म्हणाल तर प्लास्टर तोडताना, पुट्टी घासताना आणि रंग देताना तुम्ही घरात असू नये. वाळवीचे औषध मारायचे असेल तर तेही याच काळात आणि तुमच्या डॉक्टरांना विचारून.

टोरांटोकरीण

पाळण्याबद्दल एक माप सांगते, इथे बाळाच्या पलंगांसाठी ते बंधनकारक आहे : कठड्याच्या दोन दांड्यांमधील अंतर ६ सेंटिमीटरपेक्षा जास्त नसावे. त्याहून जास्त असेल तर बाळाचे अंग निसटून डोके अडकण्याची भीती असते. जुन्या पाळण्यांत हे अंतर बरेचदा मोठे असते; मध्ये एकेक दांडी वाढवून घेता येईल. माझ्या मुलीच्या वेळी मी पुण्याहून आणलेल्या पाळण्याला असेच करून घेतले होते.

आणि पुढे कुणी बाळाला बसवून चालवायचा चाकांचा वॉकर भेट देऊ लागले तर नम्रपणे नको म्हणा. कॅनडाने २००४ पासून त्यावर पूर्ण बंदी घातली आहे, कारण बाळे त्यातून जिन्यावरून पडत. आपला सावंतवाडीचा लाकडी पांगुळगाडा, जो बाळ स्वतः उभे राहून ढकलते, तो मागवा.

उपनगरी बाबा

दोन वर्षांपूर्वी आम्ही याच वाटेने गेलो, म्हणून अंगणवेल यांच्या यजमानांसाठी लिहितो. सोसायटीचा पत्रव्यवहार, कंत्राटदाराची ये-जा, सामान हलवणे, माळ्यावर चढणे ही सर्व कामे तुम्ही अंगावर घ्या आणि घेतली आहेत हे तिला दिसू द्या. गरोदर बाईने नुसते "विचारत राहणे" हेही काम असते आणि ते दिवसभर चालते.

रजेचा हिशेब आत्ताच करा. पहिल्या दोन बाळंतपणांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा असून त्यातील जास्तीत जास्त ८ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. आमच्या घरी तिने ती जवळजवळ सर्व बाळानंतरसाठी राखली, कारण घर आधीच तयार होते. वडिलांची रजा केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आहे. खासगी नोकरीत ती कंपनीच्या धोरणावर असते, तेव्हा लेखी विचारून ठेवा.

आणखी एक काम कुणी सांगितले नाही. पावसात रोजची दुपटी आणि लंगोट वाळणार कुठे? बाहेरच्या खोलीत पंख्याखाली दोऱ्या ओढून वर नेता येतील अशा दांड्यांचे स्टँड बसवा. बाळाच्या खोलीत ओले कपडे घालू नका, नाहीतर छत कोरडे करण्यासाठी केलेला सारा खर्च त्या वाफेने वाया जाईल.

अंगणवेल

असे ठरले आहे. समितीला पत्र दिले, पोच मिळाली आणि अध्यक्ष स्वतः गच्ची पाहून गेले. ते म्हणाले की सभेची वाट न पाहता आमच्या भागापुरते तातडीचे काम मेमध्ये करून घेऊ. तोडफोडीच्या आणि रंगाच्या दिवसांत मी वाईला जाणार आहे; तोवर पाळण्याचे घासकाम संपलेले असेल आणि मागची पडवी धुऊन घेतलेली असेल, ही अट सासऱ्यांनी स्वतःहून घातली. डोहाळजेवणही मग तिथेच, जुन्या झोपाळ्यावर. आई चिपळूणहून येताना तिची दोन लुगडी आणणार आहे, म्हणजे गोधडीचे पहिले टाके तिथेच पडतील.

सासऱ्यांचा एक प्रश्न : जन्माची नोंद रुग्णालयात लगेच होते म्हणतात, मग बाराव्या दिवशी बारसे होईपर्यंत नाव ठरलेले नसले तर दाखल्याचे काय?

प्रसूतिकक्ष

काळजी नको. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायची असते आणि ती माहिती रुग्णालयच पाठवते. नावाची जागा रिकामी ठेवून नोंद होते. नोंदणीपासून १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतरही १५ वर्षांपर्यंत शुल्क भरून घालता येते. आईवडिलांच्या नावांचे स्पेलिंग मात्र रुग्णालयातला अर्ज भरतानाच आधार कार्डाशी ताडून पाहा, कारण ते नंतर दुरुस्त करायला फार खेटे घालावे लागतात. अर्ज भरायची वेळ येईल तेव्हा तुम्ही थकलेल्या असाल, म्हणून नावे एका कागदावर आत्ताच स्वच्छ लिहून रुग्णालयाच्या पिशवीत ठेवा.